दादा या शब्दाचे दोन अर्थ

चि. नव्या कॅप्टनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा आवाज नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत होता. आपल्यासारख्या निवासी शाळेत हाउस कॅप्टन, म्हणजे एका वसतिगृहाचा प्रमुख विद्यार्थी, झाल्याची बातमी सांगताना मुलं ओरडून बोलतात, मागे मित्रांचा गलका असतो. तू बातमी एका वाक्यात उरकलीस आणि विचारलंस, "सर, मुलं माझं ऐकतील ना?" मी "ऐकतील रे, काळजी करू नकोस" म्हणालो आणि फोन ठेवला. मग बराच वेळ झोप लागली नाही. इतक्या मनापासून विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर फार तोकडं होतं. म्हणून हे पत्र. लांबेल, सवडीने वाच.

मुलं ऐकतात. खांद्यावर पट्टी आली, बारावीचं वय आहे, सहावीच्या मुलाला मान वर करून तुझ्याकडे बघावं लागतं, एवढं त्याला पुरतं. फॉल-इनला, सगळे रांगेत उभे असताना, तू 'सावधान' म्हणालास की सगळ्या हाउसचे बूट एकदम वाजतील. मला काळजी वाटते ती लाइट्स आउटनंतरची, रात्री दिवे मालवल्यावरची. तू आपल्या खोलीत अभ्यासाला बसलेला असशील, कोणाला काही सांगितलेलं नसेल, आणि तरी खालच्या डॉर्ममध्ये तुझ्या नावावर हुकूम सुटत असतील. 'कॅप्टनने सांगितलंय' एवढं म्हटलं की सातवीचा मुलगा पुढे काही विचारत नाही. पाण्याची बाटली भरून आणतो, बूट पॉलिश करतो, भिंतीला पाठ लावून खुर्ची करून उभा राहतो. त्याच्या हिशेबी ते सगळं तू करवून घेतलेलं असतं.

तू आठवीत होतास तेव्हा मी निवृत्त झालो, त्यामुळे मला तू हाउस मास्तर म्हणूनच ओळखतोस. त्याआधी मीही अशाच एका शाळेत सात वर्षं राहिलो, आणि शेवटच्या वर्षी तुझ्यासारखीच पट्टी लावली होती. त्याविषयी तुम्हां मुलांना मी कधी फारसं सांगितलं नाही. आज सांगणार आहे, पण जरा पुढे.

आधी जूनचा तो दिवस. नवी मुलं येतात तो. यंदा तू तो दिवस नीट बघावास असं मला वाटतं. सकाळपासून गेटवर गाड्या लागतात. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि रोल नंबर. रंग कधी कधी इतका ताजा असतो की उचलणाऱ्याच्या बोटाला लागतो, कारण तो आदल्या रात्री घराच्या ओट्यावर बसून वडिलांनी दिलेला असतो. आई गादीवर चादर घालते, कोपरे दुमडते, पुन्हा काढते, पुन्हा घालते. तिला माहीत असतं की पुढची चादर तिच्या हातची नाही. दुपारी पालकांना निघायला सांगतात. गेटवर मुलगा सहसा रडत नाही. तो रात्री रडतो, पालथा झोपून, पंख्याच्या आवाजात. दहा ते बारा वर्षांचं वय असतं रे ते. शाळेचं मोठेपण, ट्रॉफ्यांचं कपाट, भिंतीवरच्या माजी विद्यार्थ्यांच्या पाट्या यांतलं त्याला काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं की संडास कुठे आहे, आणि तिथे जाताना कोणाच्या पलंगासमोरून जावं लागतं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच. बावीस वर्षांत मी हाउस बघायला शिकलो तो असा. कोणत्या हाउसने किती ट्रॉफ्या मारल्या यावरून मला काही कळायचं नाही. सहावीचा मुलगा रात्री एकटा उठून संडासला जाऊन येतो की सकाळपर्यंत धरून ठेवतो, यावरून सगळं कळायचं.

आपल्याकडे ज्युनियर सीनियरला 'दादा' म्हणतो. काही शाळांत 'सर' म्हणतात. मला आपलीच पद्धत आवडते, पण हा शब्द सांभाळून घे. घरात दादा म्हणजे थोरला भाऊ. चौकात दादा म्हणजे ज्याला बघून माणसं वाट सोडतात, दादागिरी त्याचीच. हाक एकच, आणि ऐकून कळत नाही की मुलाच्या मनात कोणता दादा आहे. त्याच्या खांद्यांकडे बघ. 'दादा' म्हणताना खांदे कानांकडे चढले तर समज, तो चौकातल्या दादाशी बोलतोय.

आता माझी गोष्ट.

मी कॅप्टन होतो तेव्हा माझा वर्गमित्र आमच्या फुटबॉल संघाचा कणा होता. त्याच्यामुळे आम्ही त्या वर्षी जिंकत होतो. तो आणि त्याच्याबरोबरचे दोघं-तिघं ज्युनियरांकडून कामं करून घ्यायचे. आम्ही त्याला 'काम' असंच म्हणायचो. आम्हीही सहावी-सातवीत केलं होतं आणि त्यात वावगं काही दिसत नव्हतं. सप्टेंबरमधली एक रात्र. लाइट्स आउट होऊन तास झाला होता. बाथरूमच्या मागच्या नळाचा आवाज आला म्हणून मी गेलो. सहावीतला एक मुलगा दगडावर उकिडवा बसून फुटबॉलचे मोजे धूत होता. गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे, लाल मातीने कडक झालेले, सहा जोड. मला बघून तो ताडकन सावधानमध्ये उभा राहिला. साबणाचे हात मांड्यांना चिकटवलेले, फेस चड्डीवरून पायावर ओघळत होता. मी विचारलं, "कोणाचे?" तो म्हणाला, "माझेच आहेत, दादा."

एकेक मोजा त्याच्या मांडीपर्यंत आला असता. मला माहीत होतं ते कोणाचे आहेत. दुसऱ्या दिवशी सामना होता. मी म्हणालो, "लवकर आटप आणि झोप," आणि वर निघून आलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. आठवड्याने त्याचे वडील ट्रंक न्यायला आले. साधा माणूस, पायांत टायरच्या चपला, हातात शाळेचं पत्र. मुलाचं मन लागत नाही, एवढंच ते सांगत होते, आणि तेही जणू चूक त्यांचीच आहे अशा सुरात. मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच कॅप्टन का? पोरगं तुमचं लई नाव घेतं. कॅप्टनदादा चांगला आहे म्हणतं." मी ट्रंकेचं एक कडं धरलं, त्यांनी दुसरं. गेटपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

तो सामना आम्ही जिंकलो की हरलो हे आज मला आठवत नाही. तू विचारशील की मी त्याला मारलं नव्हतं, काम सांगितलं नव्हतं, मग माझा दोष काय? मी बघितलं आणि वर निघून आलो, हा दोष. त्या मुलाला कॅप्टन हा शेवटचा आधार होता. त्याने खोटं बोलून मला सोडवलं, आणि मी सुटलो.

हे 'काम' येतं कुठून, हेही तुला माहीत असावं, कारण तुझ्याच वर्गातलं कोणीतरी 'ही आपली परंपरा आहे' असं म्हणेलच. हाउसची पद्धत इंग्लंडमधल्या निवासी शाळांची. १८२८ मध्ये थॉमस अर्नल्ड रग्बी शाळेचे हेडमास्तर झाले आणि त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती शिस्तीचा कारभार दिला. जबाबदारी अंगावर पडली की मुलगा घडतो, हा त्यामागचा विचार, आणि तो खराच आहे. नाहीतर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण त्याच शाळांत 'फॅगिंग' नावाची रीत होती: धाकट्याने थोरल्याचे बूट पुसायचे, न्याहारी करून द्यायची, निरोप पोचवायचे. विसाव्या शतकात तिथेही ती मोडीत निघाली. म्हणजे आपण ज्याला परंपरा म्हणून कवटाळतो ती दुसऱ्यांनी टाकून दिलेली चाकरी आहे.

आणि परंपराच हवी असेल तर आपल्या घरची आहे की. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली, २३ जून १९६१ ला. त्याच्या सदतीस वर्षं आधी, १९२४ मध्ये, त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांचं वसतिगृह काढलं होतं. सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहायची, एका पंगतीला जेवायची, दळण-स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामं वाटून करायची. कोणी कोणाचा चाकर नव्हता. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या भाकरीसाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. त्यातही 'हाउस' हाच शब्द आहे बघ. तुझ्या खांद्यावरच्या पट्टीला दोन घराणी आहेत. कुठलं चालवायचं ते पट्टी सांगत नाही.

या दुसऱ्या घराण्यातला एक कॅप्टन मी डोळ्यांनी पाहिला. तुझ्या कितीतरी आधीचा. नाव सांगणार नाही. त्याला आवडणार नाही. जुलैअखेरीस आमचा धोबी एकदा माझ्याकडे आला. "साहेब, कॅप्टनच्या थैलीत आठवड्याला चार-चार चादरी येतात. बाकीच्यांची एक." मी त्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "सर, माझ्याच आहेत." हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते, म्हणून मी त्याला सोडलं नाही. दार लावून बसवलं. तेव्हा हळूहळू बाहेर आलं.

सहावीतल्या एका मुलाची गादी रात्री ओली व्हायची. पहिल्या आठवड्यात त्याने चादर गादीखाली लपवली. वास आला, शेजारच्या दोघांनी नाकं दाबली, एकाने नाव ठेवलं. कॅप्टनने त्याच संध्याकाळी त्या तिघांना मैदानावर फेरी मारायला सोबत नेलं. काय बोलला ते मला कधीच कळलं नाही, पण ते नाव पुन्हा ऐकू आलं नाही. मग त्याने हातातल्या घड्याळाला साडेअकराचा गजर लावायला सुरुवात केली. खाली जायचा, मुलाच्या पायाच्या अंगठ्याला हळूच हात लावायचा म्हणजे तो दचकणार नाही, त्याला संडासपर्यंत नेऊन आणायचा. तरीही कधी गादी भिजलीच तर पहाटे पीटीच्या घंटेआधी स्वतःच्या कपाटातली कोरडी चादर तिथे आणि ओली चादर स्वतःच्या थैलीत, खेळाच्या कपड्यांखाली. बारावीचं वर्ष होतं त्याचं. साडेअकराला उठायचं आणि पाचलाही उठायचं.

मी त्याला एकच गोष्ट बोललो: हे तू मेट्रनबाईंना आणि मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंस. दहा-अकरा वर्षांच्या काही मुलांना हा त्रास असतो, त्यात त्यांचा काही अपराध नसतो, डॉक्टरकडे त्यावर उपाय असतो. आपण त्याला दाखवलं. दिवाळीनंतर चादरी थांबल्या. त्या मुलाला शेवटपर्यंत वाटत होतं की ही गोष्ट त्याला, कॅप्टनला आणि डॉक्टरांनाच ठाऊक आहे. तो दहावीत होता तेव्हा एका रात्री मी राउंडला गेलो तर नव्या मुलांच्या डॉर्ममध्ये टॉर्चचा उजेड दिसला. हा तिथे एका मुलाच्या मच्छरदाणीची सुटलेली दोरी बांधत होता. त्याला ते काम कोणी दिलेलं नव्हतं.

आता अवघड भाग. हाउसमध्ये एक अलिखित नियम असतो: भावांतली गोष्ट भावांत राहते. हाउस मास्तरकडे जाणारा चुगलखोर. या नियमात चांगलंही आहे. कोणी प्रेपमध्ये, अभ्यासाच्या तासाला, डुलकी काढली, कोणी मेसमधून जास्तीचं केळं खिशात टाकलं, दोघांची खेळावरून झटापट झाली, हे सगळं माझ्यापर्यंत आणायची गरज नाही. ते तू मिटव. मिटवता यायलाच हवं. पण मुलाला मारलंय, त्याच्या अंगाला नको तसा हात लागलाय, त्याला उपाशी ठेवलंय, त्याच्याकडून पैसे काढलेत, किंवा एखादा मुलगा 'मला जगावंसं वाटत नाही' असं सहज बोलता बोलता बोलून गेलाय, यातलं काहीही कळलं तर त्याच रात्री हाउस मास्तरांचं दार वाजव. सकाळची वाट बघू नकोस. खात्री करून घेत बसू नकोस, ते काम मोठ्यांचं आहे. आणि हाउस मास्तरांनी मनावर घेतलं नाही तर प्राचार्यांकडे जा, घरी फोन कर. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर फोनजवळच्या भिंतीवर लाव, सहावीच्या मुलाला वाचता येईल अशा उंचीवर.

कायद्याचं तुला भीती दाखवायला सांगत नाही, पण माहीत असू दे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा. २००९ मध्ये हिमाचलातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सीनियरांनी केलेल्या मारहाणीत एकोणीस वर्षांचा मुलगा जिवानिशी गेला. त्या वसतिगृहातही आदल्या रात्रीपर्यंत बघून वर निघून जाणारे असतीलच. मी त्यांच्यातला एक होतो म्हणून सांगतो.

तुझं खरं भांडण ज्युनियरांशी होणार नाही, तुझ्या वर्गाशी होईल. सहा वर्षं ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलास, ज्यांनी तुझ्यासाठी शिक्षा भोगली, त्यांना पहिल्यांदा 'नाही' म्हणताना घसा कोरडा पडतो. ते म्हणतील, पट्टी मिळाली आणि बदललास. काही दिवस मेसमध्ये तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहील. मराठीने भावाच्या नात्यातून 'बंधुभाव' घडवला तशीच 'भाऊबंदकी'ही घडवली, आणि भाऊबंदकी पेटते ती नेहमी वाटणीवरून: कोणाला पट्टी, कोणाला संघात जागा, कोणाची चूक झाकली. म्हणून पट्टी मिळाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, अजून काही बिघडलेलं नसताना, वर्गातल्या सगळ्यांना खोलीत बसव आणि सांग. माझ्या नावावर कोणी ज्युनियरला काम सांगायचं नाही. सांगितलं तर मी सगळ्यांसमोर विचारणार नाही, पण त्या मुलाच्या हातातलं काम मी स्वतः करेन. आणि मग खरंच कर. एकदा मित्राचे बूट ज्युनियरच्या हातातून घेऊन तू स्वतः पॉलिश करून त्याच्या पलंगाखाली ठेवलेस की पुन्हा ती वेळ फारशी येणार नाही. तुझा खरा मित्र दोन दिवस रागावेल. तिसऱ्या दिवशी येऊन बसेल.

जेवणाचं म्हणशील तर तुला ठाऊकच आहे. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीचं उद्घाटन झालं तेव्हा, १० डिसेंबर १९३२ ला, तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांनी अधिकाऱ्यासाठी क्रम घालून दिला: आधी देश, मग हाताखालची माणसं, सगळ्यांत शेवटी स्वतःची सोय. तुमच्यातले निम्मे तिथे जायची स्वप्नं बघतात आणि ते वाक्य पाठ म्हणतात. मेसमध्ये ते पाळायला सोपं आहे. रविवारी चिकन असतं तेव्हा वाढप्याच्या हातातलं भांडं कोणत्या टेबलापासून सुरू होतं, एवढं बघ.

मला त्याहून जवळचं वाटतं ते एक जुनं पत्र. १९ मे १६७३, राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. पावसाळा तोंडावर आलेला. पत्रात मोहिमेचा गाजावाजा नाही. दाणा आणि गवत आत्ताच उधळलंत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, असं त्यात आहे. तुम्ही कुणब्याच्या घरचं धान्य, गवत, भाजी उचलू लागलात तर त्याला वाटेल, यापेक्षा मोगल परवडले, असं आहे. आणि त्यात उंदीर आहे. रात्री दिवा तसाच जळत ठेवाल, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी पागा जाईल, म्हणून निजताना दिवे विझवा. स्वराज्य उभं करणारा माणूस उंदराचा आणि वातीचा विचार करत होता. हाउस चालवणं हे असं असतं. भाषण कमी आणि वाती जास्त. डॉर्मच्या दाराची कडी आतून लागते का. ताप आलेल्या मुलाला हॉस्पिटलात कोणी डबा नेला का. एखाद्याला तीन आठवडे घरून फोन आला नाही हे कोणाच्या लक्षात आलं का.

बोलीवरून होणारी थट्टा ही अशीच एक वात. नंदुरबारचा, गडचिरोलीचा, लातूरचा मुलगा येतो आणि 'मले', 'पानी' असं काही बोलतो. सगळं डॉर्म हसतं. तोही हसतो, आणि महिन्याभरात गप्प होतो. मग शिक्षक म्हणतात, मुलगा अबोल आहे. तो अबोल नव्हता. त्याला त्याच्या बोलीत प्रश्न विचार, घरी भाजीला काय म्हणता, पावसाला काय म्हणता. आणि सगळ्यांसमोर विचार. आडनाव विचारून जात काढणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे थांबव. त्यात हसणं-बिसणं काही नको.

क्रॉस कंट्रीबद्दल तू मागे विचारलं होतंस. पहिले दहा धावणारे आपोआप धावतात. तू शेवटच्या मुलाबरोबर धाव. एवढंच.

तुझा अभ्यास. हे वाचून तुला वाटेल की सर मला रात्री झोपू द्यायचे नाहीत. तसं नाही. बारावी आणि एनडीएचा पेपर तुझाच आहे, तो बुडवून कॅप्टनकी करू नकोस. कामं वाटून दे. व्हाइस कॅप्टनला नुसता शोभेला ठेवू नकोस. दोन डॉर्म पूर्ण त्याच्यावर सोपव आणि मग त्याच्या कामात नाक खुपसू नकोस. प्रेपची वेळ तुझी, त्यात कोणाला येऊ देऊ नकोस, मलाही नाही. पुढे एसएसबीला, सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवड चाचणीला, जाशील तेव्हा पाच दिवस तिथे बसवतील, त्यात एक कागद असा असतो की आईवडील, शिक्षक आणि मित्र तुझ्याविषयी काय म्हणतात ते लिही. तुझ्या हाउसमधला सहावीचा मुलगा काय म्हणेल, हे तिथे विचारत नाहीत. तू मनाशी लिहून बघ.

तुझ्या हातून चूक होईल. एखाद्या दिवशी परीक्षेच्या ताणात तू बारक्या पोरावर ओरडशील, कदाचित हातही उचलशील. तसं झालं तर त्याच संध्याकाळी त्याच्या पलंगापाशी जा आणि 'चुकलं माझं' म्हण, त्याच्या शेजारच्यांना ऐकू जाईल असं. पट्टी कमी होत नाही त्याने. मग स्वतः जाऊन हाउस मास्तरांना सांग. मला त्या बाबतीत एका माणसाची माफी मागायची राहून गेली. त्याचं गाव मला माहीत होतं, मी गेलो नाही, आणि नंतर पत्ता उरला नाही.

रविवारी नवी मुलं येतील. त्याआधी तीन कामं उरक. ट्रंकांच्या कुलुपांच्या जादा किल्ल्या प्रत्येक पालकाकडून मागून घे, नावाची चिठ्ठी लावून मेट्रनबाईंच्या कपाटात ठेव. पहिल्या आठवड्यात निदान पाच मुलं किल्ली हरवतात आणि सांगायला घाबरतात. संडासकडे जाणाऱ्या पॅसेजचा मधला दिवा माझ्या वेळेपासून मिणमिणता आहे, तो बदलून घे, आणि तो रात्रभर चालू ठेवायची परवानगी मागून घे. खालच्या डॉर्ममधला कोपऱ्यातला खिडकीजवळचा पलंग आठवतो? जुलैत वारा फिरला की तिथे पाण्याची झड येते, कारण खिडकीची खालची खिटी बसत नाही. सुताराला आजच सांग. तो चार-चार वेळा सांगितल्याशिवाय येत नाही, तेव्हा त्याच्या मागेच लाग. आला नाही तर तो पलंग एक हात आत ओढून घे आणि तिथे सहावीच्या कोणाला देऊ नकोस. तुझी गादी तिथे टाकलीस तरी चालेल.

घरी आईबाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
सर